ब्लेंडर की फ्रीकॅड? आधी एक बटाटा कापा

सोलापुरात थ्रीडी शिकायचं म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: लॅपटॉप कोणता घेऊ? पण आधी सॉफ्टवेअर ठरवा. ब्लेंडर आणि फ्रीकॅड ही थ्रीडी आकार बनवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. फरक आहे तो कुठलं सॉफ्टवेअर डोक्याकडून काय मागतं यात.

सिद्धेश्वराच्या देवळावर असतो तसा कळस करायचाय असं धरा. फ्रीकॅडमध्ये कळसाच्या कडेची अर्धीच रेघ काढायची, मापं द्यायची आणि ती अक्षाभोवती ३६० अंश फिरवायची. म्हणजे कळस उभा चिरला तर कड कशी दिसेल, हे आधी मनात दिसायला हवं. उद्या मान ८ ऐवजी १० मिलिमीटर हवी झाली तर एक आकडा बदला, काम झालं. पण सुरुवातीचं स्केच गंडलं की त्यावर रचलेलंही बिघडतं आणि चुकीच्या लाल खुणा दिसतात.

ब्लेंडरमध्ये सहसा नळकांडं घेऊन ओढत-दाबत जायचं. इथे नजर लागते, आणि नजर फसवते. माझा पहिला चेहरा समोरून देखणा होता, बाजूने बघितला तर पोपट! पडद्यावर खोली नसतेच. म्हणून कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कीपॅडवरचे १, ३, ७ दाबून समोरून, बाजूने, वरून बघत राहायचं. ही सवय लागेपर्यंत वैताग येतो.

मनातल्या मनात वस्तू फिरवायला वेळ लागतो म्हणून स्वतःला ढ समजू नका. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९७१ मध्येच दाखवलंय की दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका त्या एकच आहेत हे ओळखायला वेळ जास्त. सरावाने हे सुधारतं.

ज्यांच्या घरी चादरीच्या जेकार्डचं (मागावर नक्षी विणायच्या यंत्राचं) ग्राफ भरायचं काम चालायचं, त्यांना फ्रीकॅड लवकर जमेल असं मला वाटतं. घर मोजत ओळीमागून ओळ जायची सवय असते ना. खोलीपाशी मात्र तेही अडखळतील, ग्राफ सपाट.

चिंचोळी एमआयडीसीत मशीनचे पार्ट काढायचे असतील तर फ्रीकॅड, गेम-अॅनिमेशन असेल तर ब्लेंडर, यात वाद नाही. अजून ठरत नसेल तर बटाट्याचा नीट चौकोनी ठोकळा करा, सगळ्या बाजू सारख्या. एका कोपऱ्यावर उभा धरा, त्याच्या विरुद्ध टोकाचा कोपरा बरोबर वर, आणि मधोमध आडवा कापा. पण त्याआधी कापलेली बाजू कशी दिसेल ते कागदावर काढा. मी चौकोन काढला होता. निघतो षटकोन. तुम्हाला तो आधीच दिसला असेल तर थेट फ्रीकॅड उघडा. नसेल तर महिनाभर शाडूची माती आणि ब्लेंडर.