धरमपेठेतील स्प्रिंट शिबिर : एका पालकाचा अनुभव

धरमपेठ भागातील एका बास्केटबॉल वर्गाने उन्हाळ्यात घेतलेल्या सहा आठवड्यांच्या स्प्रिंट शिबिरात माझी पंधरा वर्षांची मुलगी सहभागी झाली होती. सराव आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेपाचला असे. नागपूरच्या मे महिन्यात आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर उभे राहणेही कठीण, त्यामुळे वेळेबद्दल तक्रार नाही.

सरावाची आखणी मला विशेष पटली. २८ मीटर लांबीच्या कोर्टवर बेसलाइनपासून मध्यरेषेपर्यंत पूर्ण वेगाने जाऊन लगेच वळायचे, परत यायचे, २० सेकंद थांबायचे आणि पुन्हा धावायचे, अशा सहा फेऱ्यांचा एक संच असे. एवढ्या थोड्या विश्रांतीत स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, साठा पूर्ण भरून येत नाही, म्हणूनच पुढची प्रत्येक धाव जड जाते. सामन्यात चेंडू हातचा गेल्यावर बचावासाठी मागे धावताना नेमके हेच घडते. प्रशिक्षक प्रत्येक फेरीची वेळ वहीत टिपत. सुरुवातीला मुलीची सहावी फेरी पहिलीपेक्षा जवळपास एका सेकंदाने मागे पडत असे. अखेरीस हा फरक निम्म्यावर आला. उडीत मात्र फारसा बदल दिसला नाही. त्यासाठी वेगळा ताकदीचा व्यायाम हवा होता, आणि तो शिबिरात नव्हता.

खटकलेली बाब कोर्टची. मध्यरेषेजवळ, म्हणजे नेमक्या वळण्याच्या जागी, सिमेंट उखडलेले होते. दोनदा सांगूनही दुरुस्ती झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा घोटा मुरगळला आणि दोन सत्रे बुडाली. त्यांचे शुल्क परत मिळाले नाही.