मागचा शॉक: घरी उघडावा, बाहेर पाठवावा की बदलावा?

फुल सस्पेन्शनची, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, सेकंडहँड सायकल घेतली, पहिल्या रविवारी नाशिकच्या चामर लेणीच्या बाजूला नेली आणि मागून कट्-कट् ऐकू आलं, की विकणाऱ्याला फोन जातो. उत्तर ठरलेलं: "सर्व्हिसिंग झालंय." कसलं ते तो सांगत नाही. चेन धुऊन तेल सोडलं तरी ते सर्व्हिसिंगच.

मीही तो आवाज शॉकचा समजून शॉक काढला, पाठवला, सर्व्हिसचे पैसे भरले. परत आला, बसवला, पुन्हा कट्-कट्. खराब होता तो शॉकच्या डोळ्यातला, म्हणजे फ्रेमला बोल्टने जोडायच्या टोकाच्या भोकातला, बुश (घर्षण सोसणारी नळी). म्हणून आधी सीटला धरून मागचं चाक जेमतेम जमिनीवरून उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या डोळ्यापाशी ठेवा. तिथे खुळखुळ लागली तर बुश, लिंकच्या (मागचं चाक आणि शॉक जोडणाऱ्या हलत्या दांड्यांच्या) सांध्यात लागली तर बेअरिंग. ही दोन्ही कामं नाशकातच होतात. बेअरिंगवर ६९०२, ६८०२ असे नंबर छापलेले असतात. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिलिमीटर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे इथे बेअरिंगची दुकानं आहेत, तिथे नुसता नंबर सांगायचा. एक फरक मात्र आहे: हे बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशच हलतं. त्यामुळे त्याच त्या जागी भार येऊन खड्डे पडतात. सायकलसाठी बनवलेल्या बेअरिंगमध्ये जाळी नसते, गोळ्या जास्त बसतात. साधंही चालतं, पण लवकर जातं.

आता खुद्द शॉक. त्यात दोन वेगळी घरं असतात, आणि सगळा निर्णय त्यावरच आहे. एका घरात हवा, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्यात तेल, ते उसळी आवरतं. हवेचं घर घरी उघडता येतं, तेलाच्या घराला हात लावू नये.

शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स हवेच्या बाजूची सर्व्हिस ५० तासांनी आणि तेलाची २०० तासांनी सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षाने. दर रविवारी तीन तास चालवली तर ५० तास चार महिन्यांत भरतात. सेकंडहँड सायकलचे तास कोण मोजतो? शून्य सर्व्हिस धरून चाला.

रात्रभरात हवा उतरत असेल किंवा सुरुवातीची हालचाल अडखळत असेल, तर दोष बहुधा हवेच्या सीलचा. पंप काढताना होणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतला असतो, त्याला घाबरू नका. सील किट, शॉक पंप आणि सस्पेन्शनचं ग्रीस घेतलं की तासाभराचं काम. हवा पूर्ण सोडायची, शॉक दोन-चारदा दाबायचा, पुन्हा सोडायची, मगच हवेचा डबा (शॉकचं बाहेरचं नळकांडं) हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने फिरवायचा. पाइप पाना लावला तर डबा गेलाच म्हणा. आणि शॉक दबलेलाच राहत असेल, वर येत नसेल, तर अजिबात उघडू नका. आतल्या उलट्या कप्प्यात, म्हणजे शॉकला आत ओढणाऱ्या हवेच्या कप्प्यात, दाब अडकलेला असतो, डबा सुटला तर तोंडावर येईल.

रिबाउंडची (दबलेला शॉक किती वेगाने वर यावा ते ठरवणारी) चकती दोन्ही टोकांना फिरवूनही उसळीत फरक पडत नसेल, किंवा दाबल्यावर चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज येत असेल, तर बिघाड तेलाच्या बाजूला. बऱ्याच शॉकमध्ये तिथे दाबाखालचा नायट्रोजन असतो, तो भरायचं यंत्र लागतं. ओळखीच्या बाइक मेकॅनिकने "शॉकअप? देतो करून" म्हटलं तरी गोड बोलून निघा. मोठ्या शहरातल्या जाणत्या सस्पेन्शनवाल्याकडे फक्त शॉक पाठवा, सायकल नको. दांड्यावर तेलाचा पातळसा पापुद्रा असतोच, त्याने पाठवू नये. थेंब गळत असेल तर पाठवावा.

बदलायचा विचार शेवटी, आणि मुख्यतः दांड्याचा मुलामा उडाला असेल तेव्हा. नखाला लागेल अशी ओरखड असेल तर नवं सीलही टिकत नाही. तेव्हा सर्व्हिसवर घातलेला पैसा वाया. पण बदलणं वाटतं तितकं सरळ नाही. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी आणि आत जाण्याचं अंतर, दोन्ही जुळायला हवेत. जुन्या फ्रेमला २०० × ५७ किंवा १९० × ५१ लागतो, २०१६ नंतर मेट्रिक मापं आली, म्हणजे २१० × ५५ वगैरे. स्वस्त मिळतोय म्हणून सेकंडहँड शॉक घेतलात, तर हीच सगळी तपासणी पुन्हा त्याचीही करावी लागेल.

माझ्या हिशेबाने क्रम असा: बुश-बेअरिंग लगेच, हवेची बाजू पहिल्याच महिन्यात, तेलाची बाजू लक्षण दिसलं तरच. तीही आषाढात पाठवा. आपली काळी माती चाकाला चिकटून फ्रेममध्ये अडकते तेव्हा सायकल तशीही घरातच उभी असते. पाठवताना डोळ्यातले स्पेसर (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) काढून पिशवीत घालून स्वतःकडे ठेवा. माझा एक तिकडेच राहिला, अंबडला लेथवर नवा कातून घ्यावा लागला.