विचारायचं की मोजायचं?

सोसायटीत कोण कोणाशी जोडलेलं आहे, हे शोधायचे दोन मार्ग. लोकांना विचारा, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज मोजा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, अर्थात सगळ्यांना सांगून, दोन्ही करून पाहिलं.

मोजणं झटपट होतं. पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ, नाव आणि मजकूर एवढंच येतं; कोण कोणाला उत्तर देतंय ते येत नाही. मग कोणानंतर कोण बोललं यावरून रेघा ओढायच्या. त्या नकाशात मध्यभागी कोण आलं? रोज ‘शुभ सकाळ’ची फुलं पाठवणारे काका!

विचारणं वेळखाऊ. घरोघरी चहा होतो, गुडघेदुखी ऐकावी लागते. आम्ही एकच विचारलं: रात्री दोनला कोणाचं दार वाजवाल? मग प्रत्येक माणसाचा एक ठिपका, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे बाण. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये शाळेतल्या मुलांचे असेच नकाशे छापले होते. सगळ्यात जास्त बाण निघाले दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, ज्या ग्रुपवर वर्षभरात चारदा बोलल्या असतील.

अर्थात माणसं विसरतात. बर्नार्ड आणि किलवर्थ या संशोधकांनी १९७०च्या दशकात तपासलं, तर आपण कोणाशी किती बोललो हे लोकांना धड आठवत नव्हतं. म्हणून ‘किती बोललात’ याला मोजणीच बरी. भरवसा कोणावर, हे मात्र विचारूनच कळतं, आणि मी तरी चहाच निवडेन.

ए आणि बी विंगला जोडणारा एकमेव ठिपका होता वॉचमनमामांचा. ते ग्रुपवर नाहीतच. त्यांचा फोन बटणांचा आहे.