टीव्हीएस गोल्ड: काका-मामांच्या टेबलावर टिकेल का?

घरातल्या ज्येष्ठांसाठी कीबोर्ड घेताना किमतीआधी एक गोष्ट बघावी: बिघडला तर तो दुरुस्त होतो का. या कसोटीवर टीव्हीएस कंपनीचा गोल्ड हा कीबोर्ड साध्या कीबोर्डांच्या बराच पुढे आहे. बाकी सगळ्याच बाबतींत तसं नाही.

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईच्या रेषा, मधल्याला भोकं. साखरेचा चहा आत गेला की एखादी रेष खराब होते आणि तिच्यावरची चार-सहा बटणं एकदम बंद पडतात. मग सरळ नवा आणायचा. गोल्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र यांत्रिक स्विच (चेरी कंपनीचा एमएक्स ब्लू) आहे, त्यामुळे एक गेला तरी शेजारचे चालू राहतात आणि तेवढा एकच बदलता येतो. दुकानात 'टीव्हीएसचाच आहे' म्हणून त्यांचंच चॅम्प हे मॉडेल हातात दिलं जाऊ शकतं. चॅम्प पापुद्र्यांचा कीबोर्ड आहे, तेव्हा खोक्यावर स्विचचं नाव वाचूनच घ्या.

तरी 'कीबोर्ड बिघडला' असा फोन येतो तेव्हा अनेकदा कीबोर्ड ठणठणीत असतो. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवलं की विंडोज फिल्टर कीज सुरू करायचं का ते विचारतं. समोरून न वाचता 'हो' झालं की क्षणभराचे दाब नोंदलेच जात नाहीत. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबलं तर स्टिकी कीजबद्दल विचारतं, म्हणजे शिफ्ट किंवा कंट्रोल सोडलं तरी ते दाबलेलंच धरायचं. उजवीकडच्या आकड्यांऐवजी कर्सर पळत असेल तर नम लॉक बंद आहे. इंग्रजीच्या जागी मराठी उमटत असेल तर विंडोज आणि स्पेस एकत्र दाबायला सांगा. ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल झाली असेल तर विंडोजमधली कीबोर्डची मांडणी ब्रिटिश इंग्रजीवर गेली आहे. 'गोल्ड भारत' या मॉडेलवर रुपयाचं चिन्ह छापलेलं असतं, पण मांडणी इंग्लिश (इंडिया) असल्याशिवाय उजवं ऑल्ट आणि ४ दाबून ते येत नाही. ही तक्रार दुकानदाराकडे नेण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर वायर पुढच्या पोर्टमधून किंवा यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीतून) काढून सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. जुना गोल पिनचा गोल्ड असेल तर संगणक बंद करूनच जोडा. विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. एखादं बटण अडकलं असेल तर ते तिथे दाबलेलं दिसतं.

गोल्डचं खरं दुखणं म्हणजे एका दाबात दोन अक्षरं. स्विचमधल्या धातूच्या संपर्कांवर धूळ किंवा मळ बसला की संपर्क क्षणभर तुटून पुन्हा जुळतो आणि एक दाब दोनदा मोजला जातो. तात्पुरता उपाय फिल्टर कीजमध्येच आहे: लागोपाठचे दाब अर्धा सेकंद दुर्लक्षित करणारा पर्याय. मात्र पासवर्डात एकच अक्षर दोनदा असेल तर मध्ये थांबावं लागतं, हे काकांना आधीच सांगून ठेवा.

कायमच्या उपायासाठी वायर काढा आणि बटणाची टोपी कीकॅप पुलरने (टोपी उपटायच्या चिमट्याने) सरळ वर ओढा. स्पेस आणि एंटरखाली तार अडकवलेली असू शकते, तिथे घाई नको. स्विचचा दांडा दाबून धरून फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेचा) अगदी छोटा फवारा द्या, चाळीस-पन्नास वेळा दाबा आणि दोन-तीन तास वाळू द्या. गंज सोडवायचं साधं डब्ल्यूडी-४० वापरू नका. त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं. तरीही दुहेरी अक्षर येत असेल तर स्विच बदलायचा. त्याला सोल्डरचे दोनच जोड असतात, मोबाइल दुरुस्तीवालाही ते करून देतो. जुना उपटण्याआधी मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवून स्विचच्या दोन जोडांवर खात्री करून घ्या: बटण दाबल्यावरच सलग बीप यायला हवा.

उणिवा सरळ आहेत. आवाज मोठा आहे, शेजारच्या खोलीत कुणी झोपत असेल तर रोज कुरबुर होईल. उंचीही जास्त, मनगट दुखणाऱ्यांना खाली आधार द्यावा लागेल. चहा सांडला तर तो थेट सर्किटवर जातो: लगेच वायर काढा, उलटा करा, निदान २४ तास लावू नका. किंमत साध्याच्या चार-पाच पट आहे. रोज हिशेब किंवा पत्रव्यवहार टाइप करणाऱ्यांसाठी ती वसूल होते. महिन्यातून दोनदा वीजबिल भरणाऱ्या मामांना साधा वायरवाला द्या, आणि एक जादा कपाटात ठेवा.