एका ‘एग्झॅक्टली’साठी दोन कोश आणि एक ॲप

गोव्यात इंग्रजीतून मराठीत मजकूर आणायचं काम रोज चालतं. पंचायतीची नोटीस, देवस्थान समितीचा ठराव, निविदेची जाहिरात, वकिलाकडचा कागद. 1987 च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामकाजात मराठीही वापरता येईल अशी सोय ठेवली, त्यामुळे हे काम थांबणारं नाही. या कागदांत एक साधासा शब्द हमखास आडवा येतो: एग्झॅक्टली. सोबत त्याची भावंडंही असतात, प्रिसाइजली, जस्ट, शार्प. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, पण मराठी वाक्यात तो बसवायला गेलं की पेन थांबतं. म्हणून हा एकच शब्द घेऊन तीन फुकट साधनं तपासली: इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश, आणि फोनमधलं भाषांतराचं ॲप. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली सांगितलेले दोष या जातीच्या बहुतेक ॲप्समध्ये आढळतात.

पहिलं साधन डग्लस हार्पर या एका माणसानं उभं केलेलं. शब्द टाकला की त्याचं मूळ, इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो काळ आणि अर्थ कसा सरकत गेला हे सगळं दोन-तीन परिच्छेदांत मिळतं. एग्झॅक्टली टाकून पाहा. शब्द 1530 च्या दशकातला. मूळ लॅटिन ‘एग्झिगेरे’, म्हणजे बाहेर हाकणं, त्यावरून वसूल करणं आणि मोजून-तोलून घेणं. म्हणूनच इंग्रजीत ‘एग्झॅक्ट’ हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ आजही सक्तीनं वसूल करणं असाच होतो. कायद्याच्या कागदात ‘टू एग्झॅक्ट अ पेनल्टी’ आलं आणि घाईत त्याचं ‘नेमका दंड’ झालं, तर सगळा मजकूर फिरतो. तिथे ‘दंड वसूल करणे’ एवढंच हवं.

पण नोंदीतली खरी मजा शेजारच्या दुव्यांत आहे. एग्झॅक्टवरून ‘एग्झाम’वर जा. लॅटिनमध्ये ‘एग्झामेन’ म्हणजे तराजूच्या मधला काटा, आणि तोही त्याच ‘एग्झिगेरे’पासून निघालेला. परीक्षा आणि अचूकपणा ही सख्खी भावंडं आहेत, दोघांचं घर तराजू. मराठीत ‘काटेतोल’ म्हणताना आपण तोच काटा डोळ्यांसमोर आणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वस्तूकडे बोट दाखवलं आहे. (म्हापशाच्या बाजारात बारीक मासळी वाट्यावर विकली जाते, तिथे काट्याचा प्रश्नच येत नाही, ते वेगळं.)

प्रिसाइजलीची नोंदही तितकीच कामाची. तिचं मूळ ‘कापणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात: पुढचं कापून टाकलेलं, छाटलेलं. शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘प्रेसी रायटिंग’ म्हणून जे करून घेतात तो हाच शब्द, फक्त फ्रेंच वेशातला. त्यामुळे प्रिसाइजमध्ये ‘फापटपसारा छाटलेलं’ ही छटा आहे, ती एग्झॅक्टमध्ये नाही. ‘प्रिसाइज इन्स्ट्रक्शन्स’ला ‘अचूक सूचना’ म्हटलं की ती छटा हरवते, ‘नेमक्या आणि मोजक्या सूचना’ म्हटलं की सापडते.

जस्टचा प्रवास उलट्या दिशेचा. आधी अर्थ ‘बरोबर, तंतोतंत’, आणि 1660 च्या दशकापासून ‘नुसतं, फक्त’. आज दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात. ‘जस्ट फाइव्ह पीपल’ म्हणजे फक्त पाच माणसं, पण ‘दॅट्स जस्ट व्हॉट वी नीड’ म्हणजे हेच तर हवं होतं. ॲप इथे नेहमी घसरतं. ‘शार्प’चा वेळेशी जोडलेला वापर एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेला आहे, आणि गवंड्याच्या ओळंब्यातल्या शिशावरून आलेला ‘प्लम’ हासुद्धा बोलीत ‘अगदी’ या अर्थानं चालतो. ओळंबा लावणाऱ्या माणसाला याचं कारण सांगायची गरज नाही.

या साधनाचा एक गैरवापर फार होतो. साल दिसलं की लोक ते शब्दाचं जन्मसाल धरतात. ते फक्त पहिल्या सापडलेल्या लेखी पुराव्याचं असतं. उदाहरणार्थ, समोरच्याला दुजोरा देत नुसतं ‘एग्झॅक्टली!’ म्हणण्याला इथे 1869 च्या आधीचा पुरावा दिलेला नाही. तोंडात तो त्याआधीही असू शकतो. दुसरी मर्यादा अशी की जुन्या पुस्तकांतली वाक्यं इथे जवळजवळ नसतात. ती हवी असतील तर ऑक्सफर्डचा मोठा कोश लागतो आणि त्याला वर्गणी भरावी लागते. रोजच्या भाषांतराला त्याची गरज नाही.

आता मोल्सवर्थ. पहिली आवृत्ती 1831 ची, सुधारून वाढवलेली दुसरी 1857 ची. शिकागोच्या संग्रहात ही दुसरी आहे. हा मराठी-इंग्रजी कोश. इंग्रजीकडून मराठीकडे जाणारा कोश वेगळा, 1847 चा. तो मोल्सवर्थनं हाती घेतला आणि त्याचा सहकारी कँडी यानं पुरा केला. मग मराठी-इंग्रजी कोशात ‘एग्झॅक्टली’ शोधायचं कसं? मथळ्यात नाही, पूर्ण मजकुरात शोधायचं. शोधपेटीजवळ तशी निवड आहे. ती करून इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाकला की व्याख्येत तो शब्द असलेल्या मराठी नोंदी समोर येतात. यादी लांब असते आणि निम्मे शब्द आज कोणी वापरत नाही. तरी ती एकदा सबंध वाचावी, कारण ॲपला ठाऊक नसलेले ‘ऐन’सारखे शब्द तिथूनच हाताला लागतात.

उलट शोधताना, म्हणजे मराठी शब्द देवनागरीत टाकताना, नवख्यांची फजिती ठरलेली. ‘नेमकं’ टाकलं की काहीच मिळत नाही. विशेषण पुल्लिंगी रूपात टाकायचं: नेमका. क्रियापद टाकायचं ते ‘करणे’ नाही, ‘करणें’. कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या शंभर वर्षं आधीचा, त्यामुळे त्या नियमांनी काढून टाकलेले न उच्चारले जाणारे अनुस्वार इथे सगळे जागच्या जागी आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते खटकतात. गोव्यात देवनागरी कोंकणीत ‘केलें’, ‘नेमकें’ रोज दिसतं, त्यामुळे इथल्या डोळ्यांना हा कोश कमी परका वाटतो. अनुस्वाराची खात्री नसेल तर शब्दाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरंच टाकावीत आणि ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ असा शोध करावा.

दुसरा खड्डा इंग्रजी बाजूला आहे. व्याख्यांचं इंग्रजी त्या काळचं. त्यात ‘नाइस’ हा शब्द भेटला तर ‘छान’ समजू नका. तेव्हा त्याचा एक चालू अर्थ काटेकोर, बारीक असा होता. (या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं ‘अडाणी’. तिथून मूर्ख, मग चिकित्सक, मग काटेकोर आणि शेवटी छान, एवढी यात्रा करून तो आला आहे.)

त्याच संग्रहात दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा शालेय कोश आणि जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस कोशही आहे. मोल्सवर्थनं अडवलं की दाते उघडावा. व्याख्या मराठीत असल्यानं छटा लवकर कळतात.

या कोशांतून एकत्र केलेले शब्द वाक्यात कसे वागतात ते पाहिलं की अदलाबदल थांबते. ‘बरोबर’ मापाला आणि उत्तराला: बरोबर 250 ग्रॅम. फारसीतून आला आहे, मूळ अर्थ समसमान. ‘ठीक’ घड्याळाला: ठीक दहा वाजता. बोलताना ‘दहाच्या ठोक्याला’ जास्त चांगलं. ‘ऐन’ अरबी, आणि तो वेळेच्या मधोमध रुतून बसतो: ऐन दुपारी, ऐन चवथीच्या तोंडावर. ‘ऐन 250 ग्रॅम’ होत नाही. ‘हुबेहूब’ फक्त सारखेपणाला, ‘तंतोतंत’ जुळण्याला आणि पाळण्याला, ‘काटेकोर’ शिस्तीला. निविदेत ‘स्ट्रिक्टली’ आणि ‘एग्झॅक्टली’ शेजारी आले तर पहिल्याला काटेकोर द्या, दुसऱ्याला बरोबर. ‘नेमका’ सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत लबाड. ‘नेमकं काय हवंय?’ यात तो एग्झॅक्टली आहे. पण ‘नेमकी त्याच दिवशी फेरीबोट बंद’ यात तो दैवाला दिलेला शिव्याशाप आहे, आणि इंग्रजी शब्दात तो नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना इथे एग्झॅक्टली लिहिलं तर वाक्यातली चीड निघून जाते.

तांत्रिक मजकुरात आणखी एक जोडी वेगळी ठेवावी लागते: ॲक्युरेट आणि प्रिसाइज. पाच बाण एकाच जागी, पण मध्यापासून चार बोटं डावीकडे लागले तर नेम प्रिसाइज आहे, ॲक्युरेट नाही. मराठीत दोघांनाही ‘अचूक’ म्हणायची सवय पडली आहे. वजनकाट्याच्या माहितीपत्रकात हे चालणार नाही. तिथे एकाला ‘अचूक’ आणि दुसऱ्याला ‘पुन्हा पुन्हा तेच माप देणारा’ असं सरळ लिहावं.

आता ॲप. साध्या मापाच्या वाक्यांत ते बरं काम करतं. ‘एग्झॅक्टली 300 मिलिमीटर’चं ‘अगदी 300 मिलिमीटर’ होतं, वाचकाला कळतं, दुरुस्ती एका शब्दाची. पण ‘ही इज नॉट एग्झॅक्टली पुअर’ दिलं की ‘तो नेमका गरीब नाही’ असं काहीतरी येतं. इंग्रजीत हा टोमणा आहे. मराठीत टोमणा ‘काही’मध्ये असतो: तो काही गरीब नाही हं. नुसत्या ‘एग्झॅक्टली!’ या उत्तराला ॲप ‘नक्की!’ देतं, आणि ते तर पुढच्या वचनासारखं वाजतं. तिथे ‘अगदी!’ किंवा ‘तेच तर!’ हवं. ‘टेन शार्प’चं ‘दहा तीक्ष्ण’ आता कमी दिसतं, तरी मथळ्यांत किंवा पत्रिकेत वाक्य तुटक असलं की कधी कधी उगवतं. लग्नपत्रिकेचा मजकूर ॲपला देऊ नये.

सगळ्यांत मोठी उणीव तिन्ही साधनांत सारखीच आहे. मराठी माणूस एग्झॅक्टलीचं निम्मं काम एका अक्षरावर करतो: ‘च’. एग्झॅक्टली हिअर म्हणजे इथेच. एग्झॅक्टली व्हॉट आय सेड म्हणजे मी हेच म्हटलं. कोंकणीतही ‘हांगाच’. इंग्रजी शब्दावरून शोधणाऱ्याला कोणतंही साधन या अक्षराकडे नेत नाही, कारण ते शब्द म्हणून सुटं उभंच राहत नाही. ॲप तर ‘नेमके इथेच’ असं दोनदा दामटतं. म्हणून भाषांतर झालं की ‘नेमके’, ‘अगदी’, ‘तंतोतंत’ हे शब्द मजकुरात एकेक करून शोधावेत आणि प्रत्येक ठिकाणी शब्द काढून फक्त ‘च’ लावून वाक्य मोठ्यानं वाचावं. दहातल्या निदान तीन-चार जागी शब्द उडतोच, आणि वाक्य हलकं होतं.

गोव्यासाठी एक शेवटची पेच. 1961 च्या आधीच्या कागदांत पोर्तुगीज ‘प्रेसीझु’ दिसला की इंग्रजीच्या सवयीनं ‘अचूक’ लिहायचा मोह होतो. पोर्तुगीजमध्ये हा शब्द ‘आवश्यक’ असंही सांगतो, आणि ‘प्रेसिझार’ हे क्रियापद म्हणजे गरज असणं. ‘ए प्रेसीझु’ म्हणजे ‘हे अचूक आहे’ नव्हे, ‘हे गरजेचं आहे’. दस्तऐवजात दोन्ही अर्थ भेटतात, तेव्हा पुढे क्रियापद आहे की मोजमाप ते पाहून ठरवावं. वेळेसाठी तिथे ‘एं पोंतु’ येतं, म्हणजे ठीक. आणि ‘एग्झाक्तु’ शोधताना कोशात दोन्ही स्पेलिंग टाका: जुन्या कागदात टी-च्या आधी सी आहे, 1990 च्या लेखनकरारानंतरच्या कोशांत तो सी गळाला आहे.