माम्सबरी: दिवसाच्या पैशांत अडीच तास

गेल्या जूनमध्ये बेळगावातील एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही चौदा जण इंग्लंडला जाऊन आलो. लंडनविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते विल्टशरमधील माम्सबरी या लहानशा गावाच्या फेरीविषयी, कारण साऱ्या सहलीतील उत्तम सेवा तिथेच मिळाली आणि फसगतही तिथेच झाली.

एव्हन नदीच्या दोन फाट्यांनी जवळजवळ वेढलेल्या टेकडीवर हे गाव वसले आहे. बस खालीच थांबते आणि चढ पायी चढावा लागतो, हे गुडघेदुखी असलेल्यांना कंपनीने आधी सांगायला हवे होते. वर मात्र स्थानिक गाइड बाई वाट पाहत उभ्या होत्या. त्या सावकाश बोलत, आमच्या व्यवस्थापकाचे मराठी सांगून होईपर्यंत थांबत आणि मगच पुढे सरकत.

सातव्या शतकात स्थापन झालेल्या इथल्या मठाचे आज मुख्यतः चर्च उरले आहे. त्याच्या दक्षिण देवडीवरील बाराव्या शतकातील बायबलची शिल्पे पाहताना मला बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराचे छत आठवले. ती बस्ती १२०४ ची, म्हणजे दोन्ही कामांत फार तर दोन पिढ्यांचे अंतर. साऱ्या इंग्लंडचा पहिला राजा अ‍ॅथेलस्टन याला ९३९ मध्ये या मठात पुरले. मात्र आज दाखवतात ती समाधी नंतरची असून रिकामी आहे, हे बाईंनी आपणहून सांगितले. अकराव्या शतकाच्या आरंभी आयल्मर नावाच्या भिक्षूने पंख बांधून मनोऱ्यावरून उडी घेतली, दोनशे मीटरच्या आसपास तरंगत जाऊन दोन्ही पाय मोडून घेतले आणि शेपटी लावायची राहिली म्हणून स्वतःलाच दोष दिला, ही कथाही त्यांनी रंगवून सांगितली.

१५३९ मध्ये मठ बंद झाल्यावर विल्यम स्टंप या कापड व्यापाऱ्याने तो विकत घेतला, मठाच्या इमारतींत माग बसवले आणि चर्च गावाला दिले. हे ऐकताच आमच्यातले वडगावचे विणकर काका पुढे झाले. माग खड्ड्याचे होते की चौकटीचे, असे त्यांनी विचारले, तेव्हा बाईंनी वही काढून तो प्रश्न टिपून घेतला.

आवारात हॅना ट्विनॉय या खानावळीतील नोकर स्त्रीचे थडगे आहे; १७०३ मध्ये फिरत्या प्राणीप्रदर्शनातील वाघाने तिला मारले. खानापूरच्या वहिनी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. "आमच्याकडे रानात वाघ आहेत म्हणून आम्ही जपून असतो, हिला बिचारीला कोण सांगणार होतं?" एवढेच त्या म्हणाल्या.

पाऊस आला तेव्हा आम्ही १४९० च्या सुमारास बांधलेल्या मार्केट क्रॉसच्या दगडी छताखाली चपाती-भाजीचे डबे उघडले. बाजाराला आलेल्या गरिबांना पावसात आडोसा मिळावा, यासाठीच ते बांधलेले आहे.

डबा संपतो न संपतो तोच बस सुटायची वेळ झाली. पत्रकात 'संपूर्ण दिवस' छापलेल्या या गावाला मिळाले अडीच तास. उरलेला वेळ वाटेतल्या खरेदीत गेला होता, त्यामुळे नगरभवनातील संग्रहालय राहूनच गेले. परतल्यावर कार्यालयात जाऊन मी हे सांगितले. "पुढच्या वर्षी बघू, काका," असे म्हणून त्यांनी नवे पत्रक हातात ठेवले. माम्सबरीपुढे त्यातही 'संपूर्ण दिवस' असेच छापलेले आहे.