राउंडक्यूब: टॉवेलच्या कारखान्यात नऊ महिने

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी तिथं ऑर्डरी आणि डिस्पॅच बघतो. 2024 च्या मे महिन्यात, ऐन उन्हात माझ्या टेबलावरच्या पीसीची हार्डडिस्क गेली आणि तिच्यासोबत चार वर्षांचे मेलही गेले. आमचे मेल पॉप पद्धतीनं यायचे. म्हणजे पीसीवर उतरले की सर्व्हरवरून पुसले जायचे. हे मला कळलं त्या दिवशी! जुन्या ऑर्डरीतला एक शेड नंबर हवा होता, तो शेवटी पार्टीलाच फोन करून विचारला. "तुमच्याकडे नाही का?" यावर काय बोलणार.

पुढचे काही महिने कसेबसे ढकलले. मग 2025 च्या जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत, मालकांच्या भाच्यानं छोट्या सर्व्हरवर राउंडक्यूब टाकून दिलं. डोमेन आणि मेलबॉक्स होते तिथंच राहिले. हे ब्राउझरमध्ये उघडणारं मेल वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर. पीएचपी भाषेत लिहिलेलं, मुक्तस्रोत म्हणजे कोड सगळ्यांना खुला, जीपीएल नावाच्या मोकळ्या परवान्याचं, त्यामुळे लायसनला रुपया लागत नाही. थॉमस ब्रुडर्ली यांनी ते 2005 मध्ये सुरू केलं, 1.0 आवृत्ती यायला मात्र 2014 उजाडलं. 2023 च्या शेवटी प्रकल्प नेक्स्टक्लाउड या फाइल साठवायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीच्या छत्राखाली गेला. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'वेबमेल' दाबल्यावर पुष्कळदा हेच उघडतं, म्हणजे तुम्ही नाव न कळता वापरलंही असेल.

एक गोष्ट मला उशिरा समजली. राउंडक्यूब मेल साठवत नाही, ती नुसती खिडकी आहे. मेल राहतात आयमॅप सर्व्हरवर (आयमॅप म्हणजे पॉपच्या उलट, मेल सर्व्हरवरच ठेवायची पद्धत), खिडकी कुठल्याही टेबलावर उघडा. पण पत्त्यांची वही आणि सेटिंग त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. मेलचा बॅकअप घेतला म्हणजे वहीचाही झाला असं नाही. आमचा आता दर शनिवारी दोन्हींचा होतो.

पहिल्या आठवड्यात मी वैतागलो होतो. रेटशीट एक्सेलमधून उचलून मेलमध्ये चिकटवली, तर साइज, जीएसएम (कापडाचं वजन), भाव सगळं एकाखाली एक सांडलं. सुरुवातीला हे मेल साध्या मजकुरात लिहून घेतं, त्यात टेबल टिकत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एचटीएमएल (टेबल सांभाळणारी मांडणी) 'नेहमी' केलं, मग रकाने रकान्यात राहिले. दुसरी अडचण फोटोंची. सॅम्पलचे फोटो मोबाइलमधून चार-पाच एमबीचे येतात आणि पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा 2 एमबी. ती भाच्यानं वाढवली. तरी मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. 20 एमबीची फाइल 27 च्या आसपास जाते आणि मग पार्टीच्या सर्व्हरवर अडकते. मोठं काही असेल तर मी लिंकच पाठवतो.

सगळ्यात जास्त डोकं 'सेंट'नं, म्हणजे पाठवलेल्या मेलच्या फोल्डरनं, खाल्लं. मी ऑफिसातून पाठवलेला प्रोफॉर्मा (मालाआधीचं कच्चं बिल) अण्णांना, म्हणजे मालकांना, मोबाइलवर सापडेना. "पाठवला म्हणतोस, मग गेला कुठं बे?" मेल गेलेला होता. मोबाइलचं ॲप 'सेंट आयटम्स' नावाच्या फोल्डरात ठेवत होतं आणि राउंडक्यूब 'सेंट' नावाच्या. त्यामुळे एकाच घरात दोन कपाटं. सेटिंगच्या 'विशेष फोल्डर' भागात दोघांना एकच कपाट दाखवलं, तेव्हा तंटा मिटला. नव्यानं बसवणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी करावं.

शोधाची पण एक गंमत आहे. तो आपसूक फक्त समोरच्या फोल्डरात आणि विषय-नावांतच बघतो. अकाउंटच्या मॅडम दोन दिवस म्हणत होत्या की मेल हरवलाय. शोधाच्या बाजूच्या बाणावरून 'सर्व फोल्डर' निवडलं आणि मेल हजर. पूर्ण मजकुरात शोधायला लावलं की मात्र आमच्याकडं चहा पिऊन येईपर्यंत थांबावं लागतं.

आता आवडलेलं. अर्धवट मेल राउंडक्यूब आपोआप ड्राफ्टमध्ये ठेवतं, मुळात दर पाच मिनिटांनी. एकदा लाइट गेली, अण्णांचं लांबलचक उत्तर शेवटच्या दोन ओळी सोडून शाबूत सापडलं. आम्ही लगेच पाच मिनिटांचं एक मिनिट केलं. आलेल्या मेलमधली बाहेरची चित्रं ते परवानगीशिवाय उघडत नाही, त्यामुळे आपण मेल वाचला की नाही हे पाठवणाऱ्याला चोरून कळत नाही. 'सेल्स' आणि 'अकाउंट्स' दोन्ही नावांनी एकाच खात्यातून लिहिता येतं. सिव्ह नावाच्या नियमांनी शिपिंगवाल्यांचे मेल परस्पर वेगळ्या फोल्डरात पडतात, फक्त त्यासाठी प्लगिन (वरून जोडायचा भाग) चालू करावं लागतं आणि सर्व्हरचा पाठिंबा लागतो.

मराठी? बटणं मराठीत करता येतात. मी चार दिवस केली आणि परत इंग्रजीवर आलो, फोनवरून कुणाला समजावताना गोंधळ होतो. युनिकोडमधली मराठी पत्रं जातात-येतात व्यवस्थित. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं चिकटवलं तर पलीकडे किडेमुंग्या दिसतात, पण तो दोष राउंडक्यूबचा नव्हे.

फुकट म्हणजे बिनकामाचं नाही, हे जूनमध्ये कळलं. 1 जून 2025 ला 1.6.11 आवृत्ती आली, त्यात सुरक्षेतलं एक गंभीर भोक बुजवलेलं होतं. लॉगिन मिळवलेल्या कुणालाही सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता आणि हे भोक सुमारे दहा वर्षं आत पडून होतं. भाचा पुण्यात, मी इथं. फोनवर "काय करलालास बे, आधी बॅकअप घे" असं ऐकत अपडेट केलं. अर्धा तास लागला, घाम मात्र चांगलाच फुटला. तुमच्याकडे असं बघणारा माणूस नसेल तर स्वतः बसवण्याच्या भानगडीत पडू नका, होस्टिंगवाल्याकडचंच वापरा आणि त्याला आवृत्ती विचारत राहा.

उणं एवढंच की कॅलेंडर मुळात नाही, प्लगिन जोडावं लागतं. 1.4 पासून आलेलं इलॅस्टिक रूप मोबाइलवर नीट बसतं, पण ब्राउझर बंद असला की मेल आल्याचं टिंग वाजत नाही. अण्णांना टिंग हवंच. म्हणून त्यांच्या मोबाइलवर वेगळं मेल ॲप, मी टेबलावर राउंडक्यूबमध्ये, सर्व्हर तोच. परवा मी कंटेनरचा मेल वाचेपर्यंत त्यांचा फोन आलाच: "वाचलास का बे?"